ओकच्या ढोलीतला डबा

आम्ही एक शनिवार सोडून एक शनिवार दोन तास गाडी हाकत लेक ह्युरॉनच्या काठी जातो आणि तिथल्या झाडीत लपवलेला एक प्लास्टिकचा डबा बघून परत येतो, असं मी सांगितलं की वॉटर्लूतली आमची मराठी मंडळी हसायची. "डब्यात असतं काय?" "वही आणि ठसा." "एवढंच?" एवढंच म्हणजे? तुम्ही दर शनिवारी मॉलमध्ये जाऊन कोणते दिवे लावता? असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवायचे. तो बिचारा सॉफ्टवेअरवाला, दिवसभर मीटिंगमध्ये लोकांचं ऐकून यायचा, संध्याकाळी माझं.

या खेळाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि आदल्या उन्हाळ्यात कॅम्पमधून हे खूळ घेऊन आली होती. कोणीतरी पायवाटेच्या जवळपास एक डबा लपवतो. आत कोरी वही आणि हाताने कोरलेला रबरी ठसा. डबा कुठे आहे त्याचं कोडं वेबसाइटवर टाकायचं. अमुक पायऱ्या चढा, तमुक झाडाकडे तोंड करा, चाळीस पावलं मोजा. शोधत येणाऱ्याने आपला ठसा त्या वहीत उमटवायचा, डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवून घ्यायचा आणि डबा होता तसा ठेवून निघून जायचं. नाव नाही, गाव नाही. ठसा हीच ओळख.

त्या वर्षी बाबा पहिल्यांदा कॅनडात आले. आई जाऊन वर्ष होत होतं. अमरावतीला भाऊ-वहिनीकडे ते नुसते बसून असायचे, म्हणून मी हट्टाने बोलावून घेतलं, तर इथे येऊनही नुसते बसले. लिव्हिंग रूमच्या खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि समोरच्याचं गॅरेज बघायचं. मी चिडायचे. "बाबा, चक्कर मारून या ना." "कुठे?" या प्रश्नाला आमच्या नुसती घरंच घरं असलेल्या सबडिव्हिजनमध्ये खरंच उत्तर नव्हतं, आणि म्हणून मी जास्तच चिडायचे. नातीशी बोलावं तर तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायला जीभ वळत नव्हती. दोघं एकमेकांकडे बघून हसायची आणि आपापल्या खोलीत जायची.

एके दिवशी ही पोर डायनिंग टेबलावर खोडरबर आणि कटर घेऊन बसली होती. तिला स्वतःच्या ठशावर एक इंग्रजी शब्द हवा होता. तासभर मान मोडून कोरला, शाई लावून कागदावर उमटवला, तर अख्खा शब्द उलटा. तिने रबर भिंतीवर भिरकावलं. रागाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. बाबा उठले, रबर उचललं, दुसऱ्या बाजूने पालथं केलं आणि वीस मिनिटांत, पेन्सिलची एकही रेघ न मारता, तोच शब्द उलटा कोरून दिला. कागदावर तो असा लख्ख सुलटा उतरला की पोर बघतच राहिली. "हाऊ डिड यू डू दॅट?"

बाबा अडतीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या वाचत. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. अमरावतीच्या अर्ध्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या. मग कॉम्प्युटर आले आणि छापखान्याला कुलूप लागलं. तो हात इतकी वर्षं रिकामा होता, आणि आम्ही भावंडं त्यांना वर्तमानपत्रं आणून देत होतो वाचायला! मला माझाच राग आला.

त्यानंतर खिडकीजवळची खुर्ची मोकळीच राहिली. आजोबा-नात दिवसभर रबरं कोरत बसायचे. तो कचरा माझ्या कार्पेटभर. मी बोलले का? नाही. जूनमध्ये त्यांनी ठरवलं की आपलाही डबा लपवायचा. बाबांनी ठशावर पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन कोरलं, चाकासकट, अंगठ्याएवढं. लेकच्या काठच्या त्या पार्कमध्ये आधी विचारून घेतलं. तिथे कामाला असलेल्या मुलीने सांगितलं, पायवाटेला लागून ठेवा, वाळूवरची झुडपं तुडवू नका.

ते पार्क म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि टेकड्यांवर जंगल. तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याने वाळू साचत गेली आणि तिच्यावर ओक आणि पाइन उभे राहिले. बाबांना हे पटतच नव्हतं. "वाळूत एवढालं झाड उभं कसं राहते?" म्हणत त्यांनी वाटेतल्या चार झाडांना हात लावून पाहिला. लाकडी पायऱ्या जिथे संपतात तिथून चाळीस पावलांवर एक ओक आडवा पडला होता. त्याच्या ढोलीत आम्ही डबा ठेवला. झाकण लावायच्या आधी बाबांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत शेंगदाण्याचे चार लाडू.

"कॅम्पमध्ये सांगितलं होतं, नो फूड," मुलगी म्हणाली.

"माणूस दोन टेकड्या चढून येईल, आणि त्याले रिकाम्या तोंडी पाठवायचं?" बाबा म्हणाले.

मला बाबांचं पटलं. आमच्या घरी शेजारणीचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. "कॅम्पवाल्यांना काय कळतंय!" असं म्हणून मीच झाकण दाबून बसवलं. आणि पहिले दोन महिने सगळं छान चाललं. दर खेपेला आम्ही नवे लाडू ठेवायचो. उन्हाळ्यात त्या वाटेवर वर्दळ असायची, वहीतल्या तारखांवरून कळायचं की लाडू दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नसत. वहीत लोक ठशाखाली लिहून जायचे: खाऊबद्दल आभार. बाबा ते शब्द बोटाने वाचायचे.

गणपतीच्या आधी ते परत गेले. जाताना म्हणाले, "वही पाहत जाजो. कोण आलं ते सांगजो." मग दर रविवारी सकाळी, त्यांची संध्याकाळ झालेली असायची तेव्हा, मी फोन करायचे. पलीकडे बाबा पेन्सिल आणि स्वतःची एक वही घेऊन तयार. डब्यापाशीच टिपून आणलेलं बघत मी ठसा वर्णन करून सांगायचा, त्यांनी तो काढायचा.

"बदक आहे, बाबा. पाण्यात."

"कडेची रेघ उठली काय?"

"हो, डावीकडे. काळा डाग पण आहे."

"रबर नीट तासलं नाही त्यानं. अक्षरं?"

"आहेत. त्यातला एस उलटा पडलाय."

इथे ते खो खो हसायचे. "कच्चा कारागीर! पण हौस पाहा." वहिनी मला वेगळा फोन करून सांगायची, की बाबा रविवारची वाट बघत आठवडा काढतात, सोमवारपासून विचारतात आज कोणता वार, आणि फोन झाला की त्या रात्री पोटभर जेवतात. म्हणून मी एका खेपेचे सगळे ठसे एकदम सांगायचे नाही. निम्मे पुढच्या रविवारसाठी राखून ठेवायचे.

सप्टेंबरच्या शेवटी एका पानावर बगळ्याचा ठसा दिसला. उत्तम कोरलेला, एकेक पीस वेगळं. खाली निळ्या शाईत: तुमचा ठसा सुंदर आहे. कृपया डब्यात खाण्याचे पदार्थ ठेवू नका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता कोणी म्हणेल, त्यात चिडण्यासारखं काय होतं? सांगते. माझ्या ऑफिसच्या किचनमध्ये मी डबा गरम केला की एक बाई काही न बोलता उठून खिडकी उघडायची. हिवाळ्यात! उणे पंधरात! चार वर्षं मी ते बघत होते आणि गिळत होते. आणि आता जंगलातसुद्धा? तिथे तर खिडकीही नव्हती. शेंगदाणे आणि गूळ यांचा मेला वास तरी कसला येतो?

"अगं, साधी सूचना आहे," नवरा म्हणाला.

"तुला सगळं साधंच वाटतं. उद्या कोणी म्हणालं श्वास घेऊ नका, तर तू विचारशील किती वाजेपर्यंत."

दिवाळी आली. मी मुद्दाम, अगदी ठरवून, मोठी झिपलॉक पिशवी भरून फराळ नेला. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. डब्यात मावेना, तर ठशाच्या आणि वहीच्या उरावर कोंबला. झाकण धड लागत नव्हतं, ते गुडघ्याने दाबलं. "बघतेच आता कोण काय लिहितं ते," मी म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, इट्स टू मच." मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, आणि त्या तावात वहीतले नवे ठसे टिपून घ्यायचेही राहिले. पानगळ संपत आली होती आणि पायऱ्यांवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

दोन आठवड्यांनी गेलो तर ढोली रिकामी. झाकण दहा फुटांवर पानांत पडलेलं, एक कोपरा फुटलेला. वही नाही, ठसा नाही, डबाही नाही. मुलगी वाळूत बसून पानं उपसायला लागली आणि रडत विचारत राहिली, आजोबांचा ठसा कुठे आहे, आजोबांचा ठसा कुठे आहे. नवऱ्याने झाकण उचलून माझ्यापुढे धरलं. "हे बघ, दातांच्या खुणा."

"चाकूच्या आहेत," मी म्हणाले.

मला माझा चोर सापडला होता. तो बगळा! सूचना लिहून भागलं नाही म्हणून डबाच फोडला मेल्याने. परतीच्या रस्त्यावर दोन तास माझा पट्टा चालू होता. नवऱ्याने रेडिओ लावला, तो मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन लावला. "हं, कोण आलं होतं?" बाबांनी विचारलं, आणि पेन्सिल वहीवर टेकवल्याचा आवाज मला ऐकू आला. मी काय सांगणार होते? आई गेल्यापासून या माणसाला आठवड्यातनं एकदा हसू येत होतं, ते एकदा ह्या वहीमुळे. मी म्हणाले, "कासव आलं होतं, बाबा. पाठीवर चौकोन चौकोन." बाबांनी कासव काढलं. पुढच्या रविवारी मेपलचं पान. मग होडी. मग घुबड. मग शिंग असलेलं हरीण. पाच रविवार मी ठसे रचून सांगत होते. मुलगी समोर सीरियलचा बाऊल घेऊन बसलेली असायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. तिने एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्याचा मला फार त्रास व्हायचा.

तो सगळा त्रास मी वेबसाइटवर ओकला. तिथे लोकांनी एकमेकांसाठी निरोप लिहायची जागा होती. मी लिहिलं, की बगळ्याचा ठसा वापरणाऱ्याला माझा जाहीर प्रश्न आहे. काही लोकांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा वास सहन होत नाही हे मला ठाऊक आहे, पण सत्तरीच्या एका माणसाने स्वतःच्या हाताने कोरलेला ठसा आणि त्याची वही चोरताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही? त्याची मुलगी म्हणून विचारते आहे. इंग्रजी दोनदा तपासून, खाली आमच्या गावाचं नाव घालून टाकलं. खाली दोघा-तिघांनी मला पाठिंबा दिला, तेव्हा तर मी चहा करून घेतला आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं.

बगळ्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तो गावात नव्हता. लिहिलं होतं: वही माझ्याकडे आहे. गुरुवारी डोळे तपासायला तुमच्या गावी येणार आहे. कुठे आणून देऊ?

लायब्ररीत भेटायचं ठरलं. डिसेंबर लागला होता. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी करून गेले. गाडीत मोठ्याने म्हणूनही बघितलं. समोर आला तो बाबांच्याच वयाचा एक उंच म्हातारा. हातात काठी, आणि काखेत बिस्किटांचा गोल निळा पत्र्याचा डबा. त्याने टेबलावर डबा ठेवून झाकण काढलं. आत आमची वही. दर दोन पानांमध्ये पेपर टॉवेलचा तुकडा, कापून, पानाच्या मापाचा.

तो हळूहळू बोलला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो त्या वाटेने गेला होता. डबा रॅकूनने ओढून झऱ्यापर्यंत नेला होता आणि फोडला होता. वही चिखलात पडलेली. ती घरी नेऊन त्याने एकेक पान सोडवलं, हीटरवर वाळवलं. कोपरे कुरतडले गेले होते, त्याला इलाज नव्हता. ठसा बराच शोधला, अर्धा मिळाला. तो त्याने रुमालात बांधून आणला होता. मशीनचं चाक शाबूत होतं, बाकीच्यावर दात उमटले होते. मग म्हणाला, एकदा का रॅकूनला कळलं की अशा डब्यात खायला असतं, की तो दिसेल तो डबा फोडतो. त्या वाटेवरचे आणखी दोन फुटले. "त्यातला एक तुमचा?" मी विचारलं. तो म्हणाला, हो, पण माझ्याकडे दुसरा ठसा आहे.

बस. एवढंच. वेबसाइटवर मी लिहिलेल्या एका शब्दाचा उल्लेख नाही. मला वाटत होतं त्याने ओरडावं, निदान एकदा तरी भुवई चढवावी. भांडायला आलेल्या माणसाशी कोणी भांडलंच नाही तर त्या माणसाने तोंड कुठे लपवायचं? मी तीनदा सॉरी म्हणाले. तो तीनदा म्हणाला, इट्स ऑल राइट. मग मी वही आणि रुमाल पर्समध्ये कोंबले, त्याचा डबा त्याच्या हातात दिला, थँक यू म्हणाले आणि जवळजवळ पळत गाडीकडे आले. पार्किंगमध्ये बसून स्टिअरिंगवर दोन बुक्के मारले. कोणावर चिडले होते ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. घरी जाऊन आधी वेबसाइटवर माफी लिहिली, चांगली लांबलचक.

त्या रविवारी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण मुलीला आजोबांशी बोलायचं होतं. वही माझ्या मांडीवर होती. मी ठरवलं होतं, आता खरे ठसे आहेत, दिवाळीच्या आधीचे दोन-तीन सांगायचे राहिलेत, तेच सांगू आणि हळूच गाडी रुळावर आणू.

"बाबा, आज एक खार आली आहे," मी म्हणाले. "शेपटीपाशी शाई फुटली आहे. आणि तारीख उलटी उमटली आहे."

पलीकडे पेन्सिल चालली नाही.

"हा खरा आहे," बाबा म्हणाले. "मागचे पाच खोटे होते ना?"

मी मांडीवरची वही मिटली.

"पाच रविवार झाले, एकाचीही कड उठली नाही, एकाचं अक्षर उलटं नाही. कासव साफ, घुबड साफ. हौशी लोक आहेत ते, एवढं साफ काम अडतीस वर्षांत माझ्याकडूनही झालं नाही. मी वाट पाहून राहिलो होतो, तू कधी सांगते त्याची. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. बगळा, फराळ, गुडघ्याने दाबलेलं झाकण, वेबसाइट, लायब्ररी. रॅकून म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मोठ्या मांजराएवढा, डोळ्यांवर काळी पट्टी, हात माणसासारखे. ठसा अर्धाच उरलाय हे मी सांगत होते, तेवढ्यात मुलीने मधेच सांगून टाकलं, "आजोबा, द व्हील इज ओके."

"चाक आहे ना? मग बाकीचं कोरून पाठवतो," बाबा म्हणाले. "लाडवाची अक्कल माझीच होती. पोरगी नाही म्हणत होती, आपण दोघांनी ऐकलं नाही." मग विचारलं, "त्यानं वही कशात आणली म्हणाली?"

"बिस्किटांच्या डब्यात."

"तो डबा कुठे आहे?"

"दिला परत. तिथेच, लगेच."

"काय घालून?"

मी स्पीकरचा आवाज कमी केला.

"रिकामा दिला?"

"बाबा, मी घाईत होते. आणि खाण्यावरूनच तर एवढं सगळं झालं, त्यालाच पुन्हा खाऊ कुठे द्यायचा? आणि तो कोण, कुठला..."

"त्यानं माझ्या वहीचं एकेक पान वाळवलं, बाई," बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. "रानातल्या जनावराले तू फराळ नेऊन घातला. आणि त्या माणसाच्या हातात रिकामा डबा दिला."

मुलगी खुर्चीवरून उतरून पॅन्ट्रीत गेली आणि बेसनाची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.